उसन्या नळ्या

नरखेडकडच्या आमच्या गावात लग्नाला जशी शेजारची भांडी उसनी जातात, तशा दादाच्या ठिबकच्या नळ्या जात. बागेत ठिबक बसवा, तपासणी करून घ्या, अनुदान मिळवा, अशी ती सरकारी योजना. संत्र्याच्या बागेत संच खरोखर बसवला होता तो एकट्या दादाने, पदरचे पैसे घालून. बाकीच्यांनी नुसते अर्ज भरले होते. तपासणीचा साहेब येणार म्हटलं की कुणीतरी मोटारसायकल घेऊन दारात हजर. "एका दिवसाचं काम आहे गा, उद्या आणून टाकतो." दादा नळ्या गुंडाळून देई. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही, आणि गावाला ते पक्कं ठाऊक होतं.

मी त्याची धाकटी बहीण. शहरात, सक्करदऱ्यात राहते, कचेरीत कारकुनी करते. हे कळलं तेव्हा मी त्याला फोनवर नको नको ते बोलले.

"काहून चिडून राहिली वं?" तो म्हणाला. "नळ्या काय झिजते का? त्याईलेबी भेटू दे, मलेबी भेटन."

त्याला मिळालं नाही. साहेब आमच्या बागेत आला तेव्हा नळ्या बांधापलीकडे माजी सरपंचाच्या बागेत पसरलेल्या होत्या. सरपंचाचा तपासणीचा फोटो आदल्या दिवशीच निघाला होता, पण नळ्या परत आणायला माणूस रिकामा नव्हता म्हणे. दादा म्हणाला, थांबा, आणतो. साहेबाला घाई होती. खरं सांगावं तर शेजारी अडकतो, म्हणून आमचा धर्मराज गप्प उभा राहिला.

माझं डोकं फिरलं. कुणाला अनुदान मिळालं आणि कुणाला का नाही, हे एकदा चारचौघांत येऊ दे, मग बघते कोण मान वर करून चालतो. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, अपील केलं, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी हुकूम निघाला की यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

यादी लागली त्या दिवशी मी मुद्दाम एसटीने गावी गेले. माजी सरपंच, त्याची बायको, दोन्ही मुलं, सगळे पात्र. लोक त्यांची नावं वाचत होते आणि सरपंचाच्याच पैशाचा चहा पीत होते. खाली अपात्रांत एकच नाव, दादाचं. कारण: संच आढळला नाही. एक जण दात काढत मला म्हणाला, "तुह्या दादानंबी हवेतच ड्रिप लावलं होतं का वं?" हा बोलणारा आमच्याच नळ्यांशेजारी उभा राहून फोटो काढून आलेला. लाज कोळून प्यायलेत सगळे.

घरी दादा खारींनी कुरतडलेली नळी जोडत बसला होता. परक्या बागेत पडून तिची चाळण झाली होती.

"आता तक्रार करू," मी म्हटलं. "सगळ्यांचे फोटो मागवू."

"कोणत्या तोंडानं? देल्या त मीनंच ना." त्याने नळीचा जोड आवळला. मग म्हणाला, "मले भेटलं नाई, हे मले माहीत होतं वं. साऱ्या गावाले लिहून सांगाची काय गरज होती?"

यादी अजून तिथेच आहे. दादा एसटी पकडायला आता देवळामागून जातो. माजी सरपंच रोज सकाळी त्याच भिंतीला टेकून पेपर वाचतो.