एका तारेवरचं बिऱ्हाड

पोरीला ताप चढला आणि नेमकी तेव्हाच लाइन बंद असली तर? या एका विचारानं माझी किती झोप खाल्ली! कंपाउंडर आलापल्लीला, आम्ही आत जंगलात, आणि मधे टेलिफोनची एकच तार. आमचे हे त्या तारेचे लाइनमन. लोक विचारतात, "बाई, तुमच्यापाशी एवढे किस्से कुठून आले?" अहो, भित्र्या माणसाजवळ किस्से आपोआप साचतात. धीट माणसाच्या काही लक्षातच राहत नाही!

* * *

तार एकच. "दुसरी तार म्हणजे जमीन," असं हे म्हणाले. क्वार्टरमागे एक लोखंडी सळई पुरलेली होती. तिच्याभोवतीची माती ओली असली तरच आवाज साफ. मी मॅट्रिक पास, पण मला वाटलं, नव्या बायकोची गंमत चाललीय! पुढे आमची सुमी झाली. एका उन्हाळ्यात माती सुकली आणि फोनमध्ये नुसती खरखर. पाणी तर नाल्यावरून आणायचं. ते मातीला कुठून घालणार? मग मी सुमीला रोज सळईपाशीच बसवून न्हाऊ घालू लागले.

थोड्याच दिवसांत कंपाउंडर बापूभाऊ अख्ख्या लाइनवर ओरडले, "आज आवाज काऊन खरखरते? बाई, पोरीची आंघोळ राह्यली काय?"

* * *

त्या तारेवर सगळ्या जंगल नाक्यांचे फोन. घंटी कोणाचीही वाजो, उचलणार सगळे. आणि जितके कान जास्त, तितका आवाज बारीक.

एकदा मी सुमीच्या खोकल्याचं विचारत होते. बापूभाऊंना काही ऐकू जाईना. शेवटी ते कडाडले, "जे जे ऐकून राह्यले, त्यायनं फोन ठेवा!" खट्, खट्, खट्. आवाज एकदम मोकळा! तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "मी तं ऐकून नाई राह्यलो जी. पण बाई, पोरीले अडुळसा देऊन पाहा!"

* * *

बिघाड शोधायची यांची रीत अशी. खांबावर चढायचं, सोबत नेलेला फोन तारेला जोडायचा आणि घरी घंटी द्यायची. मी म्हणायचं, "येतो आवाज." म्हणजे इथवर तार ठीक, बिघाड पुढे. मग हे पुढे. माझ्या प्रत्येक "येतो"नं माझा नवरा रानात आणखी आत जायचा, आणि पाठवणारी मीच!

एकदा नाल्यापलीकडे वाघानं बैल मारल्याची खबर होती. घंटी वाजली. "येते का आवाज?"

मी ठामपणे म्हणाले, "नाही येत!"

मग हे म्हणाले, "बरं. मंग उत्तर कोणाले देऊन राह्यली?"

* * *

वारा सुटला की तार गुणगुणते. अस्वलाला वाटतं, वर मधाचं पोळं आहे. एकदा हे खांबावर, आणि अस्वल खाली!

"हळू बोल," हे कुजबुजले. "खाली अस्वल आहे."

मीही कुजबुजले, "मी काय करू?"

"काई नको करू. बोलत राह्य."

काय बोलणार, कपाळ! तोंडून निघालं, "डबा खाल्ला का तुम्ही?"

यांच्या आधी तारेवर तिसराच आवाज, "लाइनमनभाऊ, डबा खाली टाकू नका जी! ते तिथीच बसन!"

* * *

हा शेवटचा सांगताना अजून हाताला घाम येतो.

हे लाइनवर गेलेले. शेजारच्या मुलींनी सुमीला ओंजळभर लालकाळ्या गुंजा दिल्या होत्या, हे मला उशिरा दिसलं. भाकर उलटून मी पुन्हा पाहिलं, तर ओंजळ रिकामी! जमिनीवर एकही गुंज नाही.

"गुंजा कुठे गेल्या?"

"संपल्या," सुमी म्हणाली.

गुंज विषारी असते. धावत जाऊन फोनचं हँडल फिरवलं. बापूभाऊंचा आवाज मला येत होता, माझा त्यांना जाईना. "कोण? जोरात बोला!" सळईवर अख्खी घागर ओतून आले. तरी तेच! तिकडून बापूभाऊ गरजले, "ठेवा रे सारे! काई ऐकू नाई येऊन राह्यलं!" खट्, खट्. तरी तेच!

शेवटी फोनच्या बोलायच्या भोंग्यात तोंड घालून किंचाळले, "गुंजा! सुमी! गुंजा!"

तेवढं मात्र पोचलं.

"बाई, ऐका," बापूभाऊ म्हणाले. "अख्ख्या गिळल्या असन तं निघून जातीन. चावल्या असन तं मी साहेबाची जीप घेऊन आत्ताच निघतो. पोरीले इचारा, चावल्या का गिळल्या?"

मी सुमीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बाळा, खरं सांग. चावल्यास, का तशाच गिळल्यास?"

सुमीनं भिंतीवरच्या फोनच्या भोंग्याकडे बोट केलं.

"म्या नाई खाल्ल्या. त्याले चारल्या. सारे त्याच्यासंग बोलते, जेवाले कोणी देतच नाई!"