सात पटीची दुर्बीण

ताम्हिणीच्या वाटेवर, धरणाच्या फुगवट्याला लागून जी वाडी आहे, तिथं बाबालाल मुलाणीला सगळे शिकारी म्हणत. पण खरं बघायला गेलं तर तो अर्धाच शिकारी. उरलेला अर्धा म्हणजे कोंडाजी. बाबालालचा हात दगडासारखा स्थिर आणि कोंडाजीची नजर घारीची. तिन्हीसांजेला भाताच्या खाचरांवर रानडुकरं उतरू लागली की दोघं टेपावरच्या, म्हणजे खाचरांवरल्या टेकाडावरच्या, करवंदीच्या जाळीत बसत. कोंडाजी कानाशी लागून सांगे, "आंब्याच्या डाव्या अंगाला. एकलगा हाय, कळपातला न्हाई. मान खाली हाय, थांब. हां, आता." आणि बाबालाल चाप ओढे. त्याला स्वतःला त्या वेळी काळपट ठिपक्यापलीकडं फारसं काही दिसलेलं नसे. त्याची गरजही पडत नसे.

पिकाच्या राखणीसाठी म्हणून बाबालालकडे बापाच्या वेळची ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. शिकारीचा नवा कायदा आला, हौशी लोकांच्या जीपगाड्या यायच्या बंद झाल्या, पण भात खाणाऱ्या डुकरापुरती त्याची बंदूक चालू राहिली. डुक्कर पडलं की वाडीत आनंदाला उधाण यायचं. माणसं दांडा घेऊन धावत यायची, उचलून न्यायची, चुली पेटायच्या. बाबालालला ते मांस वर्ज्य. तो बंदूक खांद्याला लावून वाडीच्या टोकाला असलेल्या आपल्या घराकडे एकटाच चालू लागायचा. मागून हसण्याखिदळण्याचा आवाज यायचा. बायको रोशनबी जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक नूरजहाँ पौडला नांदत होती. घरात काळोख असायचा. पण तो चिमणी पेटवतो न पेटवतो तोच कोंडाजी दारात हजर. वाटे पडायच्या आधीच उठून आलेला. "च्या टाक," एवढंच म्हणायचा. दोघं चहा प्यायचे आणि मुकाट बसायचे. बाबालालच्या दृष्टीनं शिकार ती तेवढीच.

सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीच्या तोंडावर कोंडाजी तापानं पडला. भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळं पडायला लागलं होतं आणि डुकरांनी खालची दोन खाचरं लोळवली होती. लोकांनी बाबालालच्या मागं टुमणं लावलं. तो एकटाच टेपावर जाऊन बसला. उजेड विझत आला तसं कारवीच्या कडेला काहीतरी काळं, बुटकं हललं. खाली मान घालून चालल्यागत पुढं सरकलं. बाबालालनं सवयीनं कान टवकारले. कानाशी कुणी बोललं नाही. ते आता कारवीत शिरणार असं वाटलं आणि त्यानं चाप ओढला.

किंकाळी बाईची होती.

कोंडाजीची बायको धोंडाबाई, गवताचा भारा पाठीवर घेऊन वाकून घरी चालली होती. छर्रे भाऱ्यात शिरले. एकच तिच्या दंडाला चाटून गेला. बाबालाल ओरडत, धावत खाली उतरला तेव्हा ती भाऱ्याखाली बसली होती आणि दंड दाबून धरून म्हणत होती, "काय न्हाई झालं, मुलाणीभावजी. ओरडू नगा. काय न्हाई झालं."

जखम आठवड्याभरात भरली. ताप उतरल्यावर कोंडाजी त्याच्या दारात आला. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"मी न्हवतो, तर तू चाप वडलासच कसा?" त्यानं विचारलं.

"चुकलो कोंडाजी. मला वाटलं..."

"तुला दिसत न्हाई ते तुला ठावं हाय, मला ठावं हाय. दुसऱ्या कुनाला ठावं न्हाई. म्हनून तर मी बसत हुतो तुज्यासंगं." त्यानं चौकटीवरचा हात काढून घेतला. "आता न्हाई."

एवढं बोलून तो वळला. त्यानं गावात बोभाटा केला नाही, पोलिसांत गेला नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त बोलणं सोडलं. मोठ्या गावात ते खपून जातं. जिथं पाणवठा एक, एसटीचा थांबा एक, दुकान एक, तिथं रोज समोर येणाऱ्या माणसानं न बघता बाजूनं जावं, हे फार दिसतं. धोंडाबाई एकदा पाणवठ्यावर म्हणाली, "मी सांगून दमले, भावजी. माज्या मनात काय न्हाई. पर त्यांच्या मनातनं जायाचं न्हाई." बाबालालनं हंडा उचलला आणि मान हलवली.

ते वर्षभर त्यानं बंदूक खुंटीवरून काढली नाही. डुकरांनी निम्मं पीक मातीत घातलं. दुसऱ्या साली भात निसवलं तशी पाटलांकडून, वाडीतल्या गेणबाकडून, सगळीकडून निरोप यायला लागले. बाबालालच्या मनानं घेतलं की बंदूक पुन्हा उचलायची असेल, तर आधी डोळा पाहिजे. माणसाचा डोळा तर कोंडाजीबरोबर गेला होता. पूर्वी येणाऱ्या साहेबलोकांच्या गळ्यात त्यानं दुर्बिणी पाहिल्या होत्या. त्यानं एक शेळी विकली आणि पहाटेच्या एसटीनं पुणं गाठलं.

लष्करात, म्हणजे पुण्याच्या कॅम्पात, रस्त्याच्या आतल्या बाजूला महंमदभाईंचं जुन्या मालाचं दुकान होतं. कंपास, जुनी घड्याळं, फौजी पाण्याच्या बाटल्या आणि काचेच्या कपाटात ओळीनं दुर्बिणी. महंमदभाई वयस्कर, शांत. त्यांनी तीन-चार दुर्बिणी काढून कापडावर ठेवल्या.

"हिच्यावर आकडे आहेत बघा," ते म्हणाले. "पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो. दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी. ही आठ-तीस. ही सात-पन्नास, बोटीवरची. ही बारा-पन्नास."

"बाराची द्या," बाबालाल म्हणाला.

"कशासाठी हवी आहे?"

"रानात. डुकरं येत्यात भातावर."

"बंदूक कसली आहे?"

"ठासणीची."

महंमदभाई हसले. "ती कितीशी लांब मारणार? जनावर तर तुमच्या पुढ्यातच येणार. मग बारा पट जवळ आणून काय करायचं?"

बाबालालनं बारावाली उचलून हातात तोलली. मग म्हणाला, "मारायला न्हाई. वळखायला."

महंमदभाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. फक्त एवढंच सांगितलं, "जितकी पट जास्त, तितका हात जास्त हलतो. आणि संध्याकाळी बारावाली लवकर मालवते. माझं ऐकाल तर सातवाली घ्या. पण मर्जी तुमची. जमली नाही तर आणून द्या, बदलून देईन."

बाबालालनं बारावाली डोळ्याला लावली. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची धूळ दिसली. सात पट आणि बारा पट यांत कुणी सात का घ्यावं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. आपला हात हलत नाही याचा त्याला आयुष्यभर अभिमान. त्यानं बाराच घेतली.

टेपावर पहिल्याच संध्याकाळी त्याची फजिती झाली. दुर्बीण लावली की समोरचं सगळं रान थडथडायला लागे. जो हात बंदुकीखाली कधी हलला नाही, तो हात हलतो हे त्याला त्या काचेनं दाखवलं. गुडघ्यावर कोपर टेकवलं, दगडावर टेकवलं, श्वास धरला, तरी थरथर थांबेना. शिवाय दिसे ते एवढंसं. आंबा सापडला तर बांध हरवे, बांध सापडेपर्यंत हललेलं काय होतं ते निघून जाई. आणि सूर्य डोंगराआड गेला की काचेत काजळी धरल्यासारखा काळोख. नुसत्या डोळ्यांना तेवढ्यात बांध दिसत असे, पण दुर्बिणीत काही नाही. ज्या घटकेसाठी ती आणली होती, नेमक्या त्याच घटकेला ती आंधळी होत होती.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा लष्करात गेला. महंमदभाईंनी 'मी म्हटलं होतं ना' असं म्हटलं नाही. दोन्ही दुर्बिणी हातभर लांब धरून त्यांनी मागच्या काचा त्याला दाखवल्या. प्रत्येक काचेच्या मधोमध उजेडाची एक गोल टिकली दिसत होती. बारावालीची टिकली मसुराच्या डाळीएवढी, सातवालीची चांगली वाटाण्याएवढी.

"एवढाच उजेड तुमच्या डोळ्यात जाणार," ते म्हणाले. "तिन्हीसांजेला कुठली घेऊन बसाल?"

बाबालालनं सातवाली गळ्यात अडकवली. ती जड होती, मानेला पट्टा काचत होता. चहा मागवला होता तो पिताना महंमदभाईंनी विचारलं, "गावी सोबत कोण असतं शिकारीला?"

"हाय की एक जन," बाबालाल म्हणाला. ते आपण का म्हणालो, हे त्याला एसटीत बसल्यावरही कळेना.

सात पटीच्या दुर्बिणीनं रान जागच्या जागी उभं राहिलं. दिवस बुडाल्यावरही घटकाभर बांध, आंबा, कारवी वेगवेगळी ओळखू यायची. आणि बाबालालला आणखी एक गोष्ट दिसायला लागली, तिचा त्यानं विचारच केलेला नव्हता. माणसं दिसायला लागली. धरणाच्या पलीकडच्या काठाला जाळी सोडवणारी माणसं, अंगणात भांडी घासणारी धोंडाबाई, बांधावर बसून तंबाखू मळणारा कोंडाजी. इतका जवळ, की त्याच्या मिशीतले पांढरे केस मोजावेत. तंबाखूची चिमूट तोंडात टाकून तो हातावर हात झटकायचा ते दिसे, पण टाळीचा आवाज येत नसे. बाबालाल दुर्बीण खाली घेई, की कोंडाजी परत मुंगीएवढा होऊन पार तिकडं जाई. काही संध्याकाळी तर तो डुकरं बघायची विसरूनच जात असे.

कार्तिक लागला. एका सांजेला कोंडाजीच्या खाचराच्या वरच्या कडेला डुक्कर निघालं. मोठा एकलगा, सुळेवाला. बंदूक भरलेली होती. अंतर बेताचं. बाबालालनं आधी दुर्बीण लावली. डुक्कर स्वच्छ दिसलं. नाकानं बांध उकरत होतं, तोंडाला चिखल होता. शंकेला जागाच नव्हती. त्यानं बंदुकीकडे हात नेला, आणि पुन्हा एकदा काच डोळ्याला लावली. डुकराच्या मागं, त्याच रेषेत, बांधाला टेकून एक करडा धोंडा होता. तो धोंडा त्या बांधावर कधी नव्हता.

घोंगडी होती ती. पांघरूण घेऊन राखणीला बसलेला कोंडाजी डुलकी घेत होता.

बाबालालनं बंदूक बाजूला ठेवली. उभा राहिला आणि छातीच्या मुळापासून ओरडला, "कोंडाजीऽऽ! उठ! वरल्या अंगाला हाय! उठ!"

घोंगडी झटकन उभी राहिली. कोंडाजीनं शेजारचा पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली. डुक्कर एकदा फुसकारलं आणि कारवी मोडत पळालं. मग सगळं निवांत झालं. कोंडाजीनं टेपाकडे पाहिलं. बाबालालच्या काचेत त्याचं तोंड समोर होतं, हात लावावा इतकं. त्याचे ओठ हलले. तो काहीतरी बोलला. काय बोलला ते वारा घेऊन गेला. मग त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि घराची वाट धरली.

चार दिवसांनी बाबालालनं पौडच्या ठाण्यात बंदूक जमा केली. लोकांनी वेड्यात काढलं. गेणबा म्हणाला, "आरं, आता तर तुला डोळा आला, आन आता बंदूक दिलीस व्हय?" संध्याकाळी बाबालाल पुन्हा टेपावर होता, नुसती दुर्बीण घेऊन. खाचरांवर डुकरं उतरली की तो वरून हाक घालायचा, कुणाचं रान, कुठली कड, किती जनावरं. खालची माणसं डबे बडवायची. त्या साली पीक बऱ्यापैकी वाचलं. त्याच्या हाकेला कोंडाजीचाही डबा वाजे. पण पाणवठ्यावर दोघं तसेच, बाजूनं जाणारे.

असे तीन हंगाम गेले. चौथ्या हंगामात एक दिवस कोंडाजी काठी टेकत टेपावर आला. बाबालालनं सरकून जागा केली. कोंडाजी बराच वेळ दम खात बसला. मग हात पुढं केला. बाबालालनं दुर्बीण काढून दिली.

"धुरकट दिसतंय," कोंडाजी म्हणाला.

"मदलं चाक फिरव. हळू."

कोंडाजीनं चाक फिरवलं. मग तो आपलं खाचर बघत राहिला, आपलं घर बघत राहिला, परड्यातली जांभूळ बघत राहिला. "पोरगा पिंपरीला न्यायचं म्हनतोय आमाला," तो काच न काढता म्हणाला. "कंपनीत पर्मनंट झालाय. धोंडीची बी इच्छा हाय."

"कदी?"

"कापनी झाली की."

बाबालालला विचारायचं होतं, त्या सांजेला काय बोललास. त्यानं विचारलं नाही. कोंडाजीनंही त्या गवताच्या भाऱ्याचं नाव काढलं नाही. दिवस बुडाला. दोघं एकामागून एक टेप उतरले. खाली आल्यावर कोंडाजी म्हणाला, "संबाळून ऱ्हा," आणि आपल्या वाटेनं गेला.

कापणी झाली, झोडणी झाली, आणि एका सकाळच्या एसटीनं ती दोघं गेली. बाबालाल थांब्यावर गेला नाही. टेपावरून त्यानं गाडी घाटाच्या वळणापर्यंत बघितली. खिडकीत धोंडाबाईचा पदर दिसला. कोंडाजी दुसऱ्या बाजूला बसला असावा.

पुढच्या वर्षी कोंडाजीचं खाचर गेणबानं वाट्यानं केलं. एका सांजेला आंब्याखाली डुकरं निघाली. बाबालालनं हाक दिली. गेणबानं खालून ओरडून विचारलं, "कुटं? कुटल्या अंगाला?" बाबालालनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, सावकाश. डबा वाजला, डुकरं गेली. अजून उजेड होता. पण बघण्यासारखं काही उरलं नाही असं वाटून तो उठला आणि घरी जाऊन त्यानं एकट्यापुरता चहा टाकला.