नाडा बांधलेला दवणा

उणकलहून शांतव्वांचा फोन आला तेव्हा मी दुकानात कापराच्या वड्या बरणीत भरत होतो. शांतव्वा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, शेजारीण. "लगूना बर्री," एवढंच म्हणाल्या. लवकर या. जुन्या हुबळीच्या गल्लीतून बाहेर पडून रिक्षा पकडली, पण खरं सांगायचं तर त्या वाटेवर मला पहिल्यांदा आठवली ती अक्काच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेली कागदी पिशवी... वाऱ्यानं पडली तर नसेल? याची मला अजून लाज वाटते. मी पोचलो तेव्हा अक्का गेलेली होती. पिशवी जागेवरच होती.

अक्कानं धारवाडच्या एका कॉलेजात सगळी नोकरी वनस्पतीशास्त्र शिकवण्यात घालवली. मी पूजासाहित्याचं दुकान चालवतो, आजोबांच्या वेळचं. आजोबा कोल्हापूरकडून इकडे व्यापाराला आले ते कुंकवाच्या पेट्या आणि दवण्याच्या बियाची एक पुडी घेऊन. चैत्र पौर्णिमेला जोतिबाला घरच्या वाफ्यातला दवणा न्यायचा, विकतचा नाही, ही आमच्या घरची रीत. बाबांनंतर या रीतीची आम्ही दोघांनी वाटणी केली. पिकवायचं अक्कानं, डोंगरावर न्यायचं मी. अक्का स्वतः कधी आली नाही. देव वर्षातले चार महिने माझ्या परसातच मुक्कामाला असतो, मग चढ कशाला चढू, असं म्हणून ती मला चिडवायची.

दवणा दिसायला अगदी साधा. गुडघ्याएवढं झुडूप, कातरलेली राखट हिरवी पानं, आणि मोहरीएवढ्या पिवळट गोंड्या. त्यातली एक गोंडी भिंगाखाली धरून तिनं मला एकदा दाखवली होती. ज्याला तू फूल म्हणतोस त्यात कित्येक फुलं दाटीवाटीनं बसलीत, म्हणाली. बी तर खसखशीहून बारीक. ते कार्तिकात ओल्या फडक्यात दोन दिवस बांधून ठेवायचं, मोड डोकावला की वाळूत मिसळून वाफ्यावर भुरभुरायचं, आणि झारीनं असं पाणी द्यायचं की माती हलायला नको. लहानपणी, उगवलं का बघायला म्हणून मी वाळू बोटानं सारून तिनं बाबांसोबत पेरलेला अर्धा वाफा खराब केला होता. तुला दम नाही, हे तिचं वाक्य तेव्हापासूनचं. ते मी दुकानात, लग्नात, मुलांच्या निकालांच्या वेळी, कुठं कुठं म्हणून ऐकलं नाही! आणि या बियाची गंमत अशी की ते टिकत नाही. वर्ष उलटलं की मेलंच म्हणायचं. म्हणजे आजोबांची पुडी आमच्यापर्यंत आली ती कुणीतरी दरवर्षी न चुकता पेरली म्हणून. एक वर्ष चुकलं की संपलं.

यंदा फाल्गुनात अक्काचं हृदय थकलं आणि तिला हुबळीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. वाफ्याचं पाणी शांतव्वा बघत होत्या. पौर्णिमेआधी दवणा कापायला मी पहिल्यांदाच गेलो. गोंड्या नुकत्या उमलायला लागल्या की वास भरात असतो आणि तेव्हाच कापायचा, एवढं मला माहीत होतं. परसात गेलो तर कडेच्या पाच झुडपांना लाल नाडा बांधलेला. नाडा माझ्याच दुकानातला. ती झुडपं सगळ्यांत भरलेली, बाकीच्यांच्या आधी फुललेली, गोंड्या पिकून करड्या व्हायला लागलेल्या. जन्मभर मी नाडे विकतोय. नाडा कलशाला बांधतात, नारळाला बांधतात, जे देवाचं त्याला बांधतात. मला वाटलं, वर वर थट्टा करते पण आजारपणात अक्कानं नवस बोललेला दिसतोय. मी त्या पाचांना हात जोडले आणि सगळ्यांत आधी तीच कापली. मग उरलेला वाफा. एवढा मोठा भारा घेऊन मी डोंगर कधीच चढलो नव्हतो. त्यातली नाड्याची एक जुडी मात्र अक्कासाठी मागं ठेवली होती, ती मी डोंगरावरून परतल्यावर दवाखान्यात नेऊन तिच्या उशाशी ठेवली, आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

तिनं जुडी नाकाला लावली. मग बोटांनी नाडा चाचपला.

"हे कुठलं रे, तम्मा?" धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं ती मला तम्माच म्हणायची.

"कडेचं. तू देवाला म्हणून राखलेलं."

"पाचही कापलास?"

"सगळा वाफा कापला की. यंदा देवाला भरपूर."

तिनं जुडी मांडीवर ठेवली. "ती बियाची होती की रे," म्हणाली.

वास भरात येतो तेव्हा बी कच्चं असतं, बी पिकतं तोवर वास उतरतो. म्हणून दरवर्षी ती पाच झुडपं ठेवून द्यायची आणि मला बाकीचा भारा बांधून द्यायची. इतक्या वर्षांत त्या परसात कापणीच्या वेळी मी पाय ठेवला नव्हता, आयता भारा तेवढा उचलला होता. तिनं मला रागवायला हवं होतं. उभ्या आयुष्यात फुटकळ गोष्टींवरून बोलली आणि नेमकं या वेळी एक शब्द नाही. ते मला फार लागलं. मी बडबडत सुटलो, कुठून तरी दुसरं बी आणतो म्हणालो. "बी मिळंल की," ती म्हणाली, "पण हे न्हवं."

घरी सोडल्यावर तिनं पहिलं काम केलं ते हे, की ती जुडी कागदी पिशवीत उलटी घालून खिडकीत टांगायला लावली. कापलेल्या देठात उरलेल्या रसावर एखादी गोंडी पिकली तर पिकली. वैशाख संपता संपता, ती जायच्या आदल्या दुपारी, मी निघताना तिनं पुन्हा बजावलं, "कार्तिकात पेर. तोवर उघडायचं न्हाई." मी हो म्हणालो.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी पिशवी उघडली.

आत चिमूटभर भुसा. त्यात बी कुठलं आणि कचरा कुठला, तिचं भिंग लावूनही मला कळेना. मग निम्मी चिमूट ओल्या फडक्यात बांधली आणि दोन दिवस दर तासाला फडकं उलगडून बघत बसलो. काहीच नाही. पुन्हा आठवड्यानं राहिलेल्यातलं निम्मं. त्यातूनही काही नाही. शांतव्वा कुंपणापलीकडून बघत होत्या. तुम्ही असंच बघत राहिलात तर कार्तिकात बघायला काय राहणार, असं त्यांनी कानडीत शांतपणे विचारलं, आणि मी फडकं खाली ठेवलं. खरंच, जेवढं तपासलं तेवढं गेलं होतं. मेलेलं होतं म्हणून उगवलं नाही, की माझ्या चिवडाचिवडीनं गेलं... हे आता मला कधीच कळणार नाही.

उरलं आहे ते नखावर मावेल एवढं. कागदाच्या पुडीत बांधून तिच्या चष्म्याच्या डबीत ठेवलंय, आणि पुडीला त्याच झुडपाचा लाल नाडा बांधलाय. दुकान मुलावर सोपवून मी रोज उणकलला जातो. घर झाडायचं म्हणून जातो, असं घरी सांगतो. आता आषाढ चाललाय. कार्तिकाला चार महिने आहेत. आज सकाळी डबी उघडली, पुडी हातात घेतली, हलवून कानाशी धरली. काही ऐकू आलं नाही. वास तेवढा आला, कागदातूनही. बोटं गाठीवर गेली होती.

नाडा सोडला नाही.