पाळकसाहेबांनी टॉवेलखाली झाकलेला पाय

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, दोन बोटं गेलीच आहेत. याला गँगरीन म्हणतात. रक्त पोचलं नाही की मांस मरतं, काळं पडतं. आता डॉपलर करू. घोट्यापर्यंत रक्त येत असेल तर पाय वाचेल. नसेल तर गुडघ्याखालून काढावा लागेल.”

सांगलीच्या त्या दवाखान्यात मी खुर्ची गच्च धरून बसलो. फौजेत हवालदार होतो मी. पण असली भीती कधी वाटली नव्हती.

मला साखर लय वर्षांची. साखरेनं पायाची जाणीव जाते, त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. खडा रुतला तरी कळत नाही. म्हणून माझी बायको रोज माझे पाय मांडीवर घेऊन तळवे बघायची. नाताळाच्या आधी ती गेली. बघणारं कोण राहिलं नाही, आणि मीबी बघितलं नाही. जगायचंच कुणाला होतं?

बोटं काळी पडल्यावर मला दिसलं. भ्यालो. मोजा चढवला आणि गप बसलो.

आमचं गाव साताऱ्याकडचं. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. मी चर्चचा पंच, त्यामुळं त्या बारा जणांत माझं नाव असतंच. न्हाई म्हणावं तर लोक विचारणार. बसलो. एक मोजा काढला, दुसरा तसाच ठेवला.

पाळकसाहेब तरुण, बोलणं हळू. पंचांत चेष्टा चालायची, “ह्यो शेळ्या राखंल, चर्च काय चालवतोय!”

पाळकसाहेबांनी गुडघ्यावर बसून माझा दुसरा मोजा उतरवला. वास त्यांना आला, मलाही आला. मंडळी मागं गात होती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल त्या पायावर टाकला आणि चांगला पायच दोनदा धुतला. कुणाला काय कळलं नाही. मग कानाशी म्हणाले, “काका, सकाळी आपण सांगलीला जायचं.”

“आवं, उद्या गुड फ्रायडे. उपासना कोण घेणार?”

“घेईल कुणीतरी.”

“सावकाश बघू की.”

“नाही काका. सकाळी.”

आवाज तसाच हळू. पण मी मान डोलावली.

डॉपलर म्हणजे पायाला गार जेल लावून यंत्र फिरवतात आणि रक्ताचा आवाज ऐकतात. फूस फूस आलं तर बरं. बोटांपाशी यंत्र मुकं. पावलावर मुकं. मला वाटलं, पाळकसाहेब आता विश्वासावर चार शब्द सांगतील. त्यांनी माझा हात धरला. त्यांचाच हात गार होता. म्हणाले, “काका, मलापण भीती वाटतेय.”

मंडळीचा पुढारी माणूस असं म्हणाला, तवा मला रडू फुटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

घोट्यापाशी फूस आलं. बारीक, पण आलं.

बोटं गेली, पाय राहिला. देवाचे उपकार, आणि गुडघ्यावर बसलेल्या त्या माणसाचे.

साखरवाल्यांनो, तळवे रोज बघा. नजर पोचत नसेल तर दुसऱ्याला दाखवा. घरी एकटे असाल तर जास्तच. लाजून पाय जातो.

परवा मी दानियलकडं गेलो. आमच्याच चर्चचा, त्यालाबी साखर, घरी एकटाच. काठी टेकत त्याच्यापुढं खाली बसलो.

“आवं हवालदार, तुमी माझं पाय बघणार व्हय? लोक काय म्हंतील?”

“गप रं. मोजा काढ.”

काय दिसेल ह्याची धास्ती मलाच. प्रभूचं नाव घेतलं आणि बघितलं. तळवा साफ होता. मला मात्र खालून उठता येईना. शेवटी दानियलनंच काखेत हात घालून मला उभं केलं.