एक, दोन, चार आणि पुढे

बरोबर उत्तर आलं की मॅडम मार्कर कानामागे खोचायच्या, हाताची घडी घालायच्या आणि विचारायच्या, "एंदुकू?"

तेलुगूत ‘का?’. आता बरोबर उत्तराला कुणी ‘का’ विचारतं का? पण तुम्ही त्यांच्या वर्गात असता, तर बरोबर उत्तर द्यायलाही कचरला असता.

हैदराबादेत दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये आम्ही दोघी शिकवायचो. मी इंग्रजी, त्या रीझनिंग. त्यातही संख्यामालिका त्यांच्या खास लाडक्या. काही आकडे द्यायचे, त्यांचा नियम शोधून पुढचा आकडा सांगायचा. मॅडमचं घराणं नांदेडकडचं, जन्म मात्र इथला. त्यामुळे मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ सहज यायचं. आमच्या वर्गांमधली भिंत प्लायवूडची. माझी मुलं व्याकरण सोडून पलीकडच्या मालिका सोडवत बसायची. खरं सांगायचं तर मीही.

एकदा सराव परीक्षेत प्रश्न आला: एक, दोन, चार, पुढे काय? उत्तर अपेक्षित होतं आठ. एका मुलीने सात लिहिलं.

"एंदुकू?"

"आधी एक वाढवला, मग दोन, आता तीन."

मॅडमनी मार्क दिला. वर म्हणाल्या, "तुझं बरोबरच आहे. पण खऱ्या परीक्षेत आठ लिही बाई. नोकरी लागली की हवं ते लिही."

झालं! लगेच पाच लिहिणारा उभा राहिला. "तीनच्या पाढ्यातले आकडे गाळले, मॅडम." त्यालाही मार्क.

बातमी क्लासच्या मालकांकडे गेली. सर मूळचे गणिताचे शिक्षक. पण जाहिरातींचे फलक लावता लावता गणित मागे पडलेलं. ते तडक वर्गात आले. "मॅडम, एग्झाम में जवाब एकीच रहता. ऐसाच पढाना है तो बॅच दूसरे को दे देतूं."

मॅडमचा चेहरा उतरलेला मला दारातून दिसला. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. पण खोड जाते कुठे?

"हौ सर," त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या. "आठ आया, सात आया, पाँच भी आया. छे किसी को नहीं आरा. आपको भी नहीं आता होगा ना, सर?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. मार्कर मागून घेतला. तास संपला, मुलं उठून गेली, तरी ते तिथेच. बॅचचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्यातूनच ओरडत आले, "मॅडम! प्राइम नंबर! दो, तीन, पाँच, सात. सब में से एक निकालो! एक, दो, चार, छे!"

त्या दिवशीचा तास सरांनीच घेतला, शर्टाच्या बाह्या सरसावून.

मी मॅडमना हळूच विचारलं, "तुम्हाला सहाचा नियम माहीत होता ना?"

"छे गं! मी आपला उरलेला आकडा फेकला."

गेल्या वर्षी त्यांना आदिलाबादकडे सरकारी शाळेत नोकरी लागली. जायच्या दिवशी फळ्यावर एक नवी मालिका लिहून त्या खाली उतरल्या. त्यांचा ऑटो समोरच सिग्नलला अडकला, तशी मुलं बाल्कनीतून आकडे ओरडायला लागली. मॅडम ऑटोतून डोकं बाहेर काढून हसत मान हलवायच्या: नाही, नाही. शेवटी मुलांना बाजूला सारून सरही एक आकडा ओरडले.

तेवढ्यात सिग्नल सुटला. मॅडमनी हात उंच केला. बरोबर म्हणून, की येते म्हणून, ते हॉर्नच्या गोंगाटात कुणालाच कळलं नाही.