उकळलेली खीर

वैशाख पौर्णिमेला आमच्या उल्हासनगरच्या विहारात खीर वाटायचे, आणि त्या खिरीचा भात कुस्करायचा मान माझ्या आईचा होता. मऊ शिजलेला भात हाताने असा मळायचा की एक शीत दाताखाली येता कामा नये. त्या वर्षी तिच्या बोटाला नखुरडं झालं होतं. पिकलेल्या बोटाला चिंधी गुंडाळून ती आदल्या संध्याकाळी बसलीच. मान सोडतंय कोण? मळलेला भात कोमट दुधात पडला आणि पातेलं रात्रभर विहारात झाकून राहिलं, मे महिन्याच्या उकाड्यात. सकाळी आईने खिरीला खळखळून उकळी आणली. लेकरं खाणार, काळजी नको घ्यायला?

दुपार व्हायच्या आत अख्खी गल्ली ओकत होती. बाकीचे सलाईनवर सावरले. शेजारच्या काकूंची लहानगी नात आधीच तापातून उठलेली होती. ती गेली.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. दूध एका सिंधी डेअरीवाल्याचं होतं. पौर्णिमेचं दूध तो दरवर्षी फुकट द्यायचा. "त्यानेच कायतरी मिक्स केलं," पोरं म्हणू लागली. त्याच्या शटरवर दगड पडले.

मी तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होते. उरलेली खीर तिथेच आली. पहिल्या तपासणीत जिवंत जंतू सापडलेच नाहीत. सापडणार कुठून? आईने ते उकळून मारले होते. हे गल्लीत कळलं आणि पोरं आणखी पेटली. "जंतू नाय म्हणजे विषच ना!"

मला त्यांचा संताप येत होता, पण विषाचं ते बरोबर बोलत होते. काही जंतू वाढताना अन्नात विष सोडतात. उकळीने जंतू मरतात, विष तसंच राहतं. ते शोधायची चाचणी वेगळी. ती मी लावली आणि खिरीच्या नमुन्याला पिवळा रंग चढला, म्हणजे विष होतं. असे जंतू माणसाच्या पिकलेल्या जखमेत असतात. त्या रंगाकडे बघताना मला आईची चिंधी दिसत होती.

डेअरीवाल्याचं काय करायचं म्हणून विहारात सभा होती. मी आधी घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. मी गप्प बसले असते तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, आणि इथे तर चोरही कोणी नव्हता.

"पण मी चांगली उकळली होती गं," आई म्हणाली.

"जंतू मेले, आई. त्यांचं विष नाही मेलं."

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "तू नको बोलूस. मी बोलते."

सभेत ती उभी राहिली. "दूधवाल्याचा दोष नाय. भात मी कुस्करला. माझं बोट पिकलं होतं." काकू उठून बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी डेअरी उघडली.

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी ताट घेऊन आजीपुढे बसायची आणि हट्ट करायची, "आजी, भरव ना." आई दोन्ही हात पदराखाली घ्यायची आणि मला हाक मारायची.