डोक्यावरून घालायची चेन

इकडे ये गं, जवळ बस. मान बघू. शी, केवढी लाल करून घेतलीस! मोबाइलवर फोटो बघून कुणी रोजची चेन मागवतं का, बाई?

आमच्या मुलुंडच्या सराफाकडे काउंटरवर एक गृहस्थ असतात, त्यांना विचारायचं. कुठलीही चेन ते आधी स्वतःच्या केसाळ मनगटावरून सावकाश ओढतात. केस अडकला की तोंड वाकडं करून म्हणतात, "लग्नाला चालेल. रोजला नाही." आणि ठेवून देतात परत, शेठ बघत असला तरी!

गेल्या महिन्यात सुनेला घेऊन गेले होते. चांदीची एक नाजूक चेन मला आवडली. ते म्हणाले, "आजी, आता डोळे मिटून हूक लावा." हे ते सगळ्यांनाच करायला लावतात, मानेमागचा हूक दिसतो कुठे! माझी बोटं हल्ली आखडतात. तीनदा हूक निसटला. सून म्हणाली, "असू दे आई, शेजारच्या वहिनी देतील की लावून रोज." चांगल्या मनाने म्हणाली गं, पण मी एकटी राहणारी बाई. गळ्यातलं घालायलासुद्धा आता दुसऱ्याचं दार वाजवायचं? मी चेन खाली ठेवली, म्हटलं, नकोच.

त्यांनी खणातून एक लांब चेन काढली, मनगटावरून ओढली आणि माझ्यापुढे धरली. "ही डोक्यावरून घाला. हूक उघडायचाच नाही." अंबाड्यावरून अलगद उतरली बघ!

चेन माझी मी घालते आता. पण जेवायला दोघी असलो की बरं वाटतं. रविवारी ये.